पोळपाट मावेल एवढा लेथ

अण्णांनी फुलपात्र मागितलं तेव्हा मला वाटलं, त्यांना तहान लागली आहे. मी माठातलं पाणी भरून आणलं. त्यांनी ते न पिता लेथच्या, म्हणजे तुकडा फिरवून कातायच्या यंत्राच्या, हेडस्टॉकवर, जिथून तुकडा फिरवला जातो त्या डोक्यावर, वरच्या सपाट जागेत ठेवलं आणि म्हणाले, "कर चालू."

लेथ चालू झाला. पाण्यावर आधी बारीक वर्तुळं उठली, मग ती एकमेकांत मिसळली आणि पाणी उकळल्यासारखं दिसायला लागलं. थोड्या वेळानं फुलपात्रच सरकत सरकत कडेला आलं. पडायच्या आत अण्णांनी ते उचललं, पाणी पिऊन टाकलं आणि "बंद कर" म्हणाले. त्या दिवशी या विषयावर ते पुढं काही बोलले नाहीत.

तो माझा पहिला लेथ. घेऊन आठच दिवस झाले होते. आता तो माझ्याकडे नाही. पण लाकूड कातायला शिकायचंय, पहिला लेथ कोणता घेऊ, असं कुणी विचारलं की मला आधी ते सरकणारं फुलपात्र आठवतं.

अण्णा, माझे वडील, टर्नर, म्हणजे लेथवर लोखंड कातणारे. आयटीआय करून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये लागले आणि ३६ वर्षं लेथसमोर उभे राहिले. शाफ्ट, बुश, पंपांचे आणि ऑइल इंजिनांचे भाग. संध्याकाळी घरी आले की कटिंग ऑइलचा वास त्यांच्याआधी उंबरा ओलांडायचा. शर्टाच्या बाहीच्या घडीत अडकलेले लोखंडाचे निळसर कुरळे तुकडे आई एक एक करून काढायची, कारण ते धुण्यात राहिले तर हात कापायचा. आमच्या भागात लेथ म्हणजे लोखंडाचाच. लाकडाचा लेथ घ्यायचाय म्हटलं की लोक "म्हणजे काय करणार?" असं विचारतात, आणि तो प्रश्न अगदी बरोबर आहे. मला मात्र तो फार उशिरा, नको ते यंत्र घरात आल्यावर, नीट ऐकू आला.

लाकडाची ओढ तशी जुनी. आमच्या शोकेसमध्ये सावंतवाडीची लाकडी फळं होती. केळ्यांचा घड, सीताफळ, अर्धं कापलेलं कलिंगड. पाहुण्यांच्या मुलांनाही हात लावायची परवानगी नव्हती. पुढं एकदा शाळेची सहल म्हैसूरला घेऊन गेले होते, तेव्हा वाटेत चन्नपट्टणला थांबलो. बंगळूर आणि म्हैसूर यांच्या मधलं हे खेळण्यांचं गाव. तिथं एका लहानशा कारखान्यात एक कारागीर कुड्याच्या जातीच्या पांढऱ्या लाकडाचा तुकडा लेथवर कातत होता. हत्यार टेकवलं की लाकडाची लांबच लांब फीत सुटायची. तुकड्याला आकार आल्यावर त्यानं रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरली. घासून उष्णता तयार झाली, लाख वितळली आणि लाकडावर पिवळा पट्टा पसरत गेला. मग केवड्याच्या जातीच्या एका पानानं तो पट्टा घासला, तशी त्यावर चकाकी आली. ब्रश नाही, वाळत घालणं नाही. माझ्या शाळेची मुलं लट्टू घ्यायला धावली आणि मी त्या पानाकडे बघत राहिले.

आपल्याकडे सूतही कातायचं आणि लाकूडही कातायचं, दोन्हीला शब्द एकच. दोन्हीत काहीतरी गरगर फिरतं आणि हात एका जागी सावध असतो. लाकूड कातणारा तो कातारी. आणि एखाद्या मूर्तीचा चेहरा कातीव आहे असं आपण म्हणतो, तेव्हा कातारी मनात नसला तरी शब्द त्याच्याच दुकानातून आलेला असतो. मला हा शब्द लहानपणापासून आवडतो. आपल्या हातून काहीतरी कातीव व्हावं, एवढीच माझी इच्छा होती.

मे महिन्याच्या सुट्टीत मी लेथ मागवला. फोटोत छान दिसत होता. बेड, म्हणजे खालचा आडवा पाया, म्हणून दोन गोल पाइप, हेडस्टॉक पत्र्याचं, वजन इतकं कमी की खोक्यासकट मी एकटीनं पडवीत नेला. किंमत मनासारखी होती आणि वर्णनात मोठ्या अक्षरात सर्वांत जास्त वेग लिहिला होता. सर्वांत कमी वेग बारीक अक्षरात होता, मिनिटाला ९०० फेरे. त्या आकड्याचं महत्त्व मला माहीत नव्हतं.

वखारीतून आंब्याचा एक ठोकळा आणला होता, सात इंच लांब-रुंद आणि तीन इंच जाड. कोपरे तसेच ठेवून मी तो फेसप्लेटला, म्हणजे लेथच्या फिरत्या तबकडीला, चार स्क्रूंनी बसवला आणि बटण दाबलं. यंत्र टेबलासकट थरथरायला लागलं. मी तरीही हत्यार टेकवलं. पुढचं मला क्रमानं आठवत नाही. हत्यार घुसलं, मोठा आवाज झाला आणि ठोकळा सुटून मागच्या भिंतीवर आपटला. गिलाव्याचा तळहाताएवढा पोपडा खाली पडला. ठोकळा माझ्या डाव्या खांद्यापासून हातभर अंतरावरून गेला होता.

मी शाळेत गणित शिकवते. त्या रात्री झोप येईना म्हणून हिशोब मांडला. सात इंच व्यासाचा परीघ २२ इंच, म्हणजे साधारण ५६ सेंटिमीटर. मिनिटाला ९०० फेरे, म्हणजे काठावरचा वेग ताशी ३० किलोमीटर, आणि कोपऱ्यांचा त्याहूनही जास्त. ठोकळा दीडेक किलोचा. याच लेथचा कमाल वेग, तो मोठ्या अक्षरातला ३०००, लावला असता तर ताशी १००. हे गणित सातवीतल्या मुलांनाही येतं. यंत्र मागवण्याआधी ते करायला हवं होतं.

फुलपात्राचा प्रसंग त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. आणि चार दिवसांनी अण्णांनी स्वतःहून विषय काढला.

"पोरी, तुला करायचं काय हाय?"

"लाकूडकाम शिकायचंय, अण्णा."

"तसं न्हवं. वस्तू कुठली करायची?"

मी थोडा विचार करून म्हटलं, पोळपाट-लाटणं. आईच्या पोळपाटाचा एक पाय झिजून तो डुगडुगायला लागला होता, म्हणून ते तोंडात आलं असेल. अण्णा म्हणाले, "मग ते घेऊन ये हितं."

आईचा पोळपाट आणि लाटणं पडवीत आलं. अण्णांनी खिशातून स्टीलची पट्टी काढली. पोळपाट १० इंच. लाटणं मुठींसकट १३ इंच. "हे तुझं यंत्र," म्हणून त्यांनी दोन्ही वस्तू माझ्या हातात दिल्या.

लाकडाच्या लेथचे मुख्य आकडे दोन. एक, बेडच्या वर किती व्यासाची वस्तू फिरू शकते. दुसरा, दोन सेंटरांच्या, म्हणजे तुकडा दोन्ही टोकांना धरणाऱ्या अणींच्या, मध्ये किती लांबीची वस्तू बसते. पहिल्याला जाहिरातीत स्विंग म्हणतात. अण्णांच्या तोंडात सेंटरची उंची असते, म्हणून सुरुवातीला आमचा गोंधळ व्हायचा. ते सहा म्हणायचे आणि मी बारा. स्विंग म्हणजे बेडपासून सेंटरच्या उंचीची दुप्पट. लाटणं हा झाला लांबीचा प्रश्न. १३ इंचांचं लाटणं, दोन्ही टोकांना कापून टाकायला अर्धा-अर्धा इंच, म्हणजे १४. सोळा इंच लांबीचा लहान लेथ त्याला पुरतो.

पोळपाटाचा प्रश्न जास्त खोल होता. १० इंचांचा पोळपाट, तर १० इंच स्विंग पुरेल असं वाटतं. पण वखारीतून फळी येते ती चौकोनी. १० इंचांच्या चौकोनाचा कर्ण १४ इंचांच्या वर जातो. कोपरे करवतीनं छाटून अष्टकोन केला तरी समोरासमोरच्या टोकांमधलं अंतर पावणेअकरा इंचांहून थोडं जास्तच भरतं. म्हणजे १० इंचांच्या लेथवर १० इंचांचा पोळपाट चढतच नाही, कोपरा बेडला आपटतो. १२ इंच हवेत. हे मी अण्णांना वहीत आकृती काढून दाखवलं, तेव्हा त्यांनी वही जवळ ओढून ती बराच वेळ पाहिली. त्यांच्या कामात गोल सळईच यायची, त्यामुळे कोपऱ्यांचा विचार त्यांनाही नवा होता.

आता वेग. लाकूड कातणाऱ्यांमध्ये एक सोपा आडाखा चालतो. वस्तूचा व्यास इंचांत घ्यायचा, त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणायचं, आणि गुणाकार ६००० ते ९००० च्या दरम्यान ठेवायचा. पोळपाटाला म्हणजे ६०० ते ९००. पण हा वेग तुकडा गोल झाल्यानंतरचा. कोपरे असताना, तोल नसताना, ३००-४०० पासून सुरुवात करायची. लाटण्यासारख्या बारीक कामाला आडाखा चार-पाच हजार फेऱ्यांपर्यंत जाऊ देतो, पण शिकणाऱ्यानं त्याच्या निम्म्यावर राहिलेलं बरं. म्हणून लेथ बघताना मी आता कमाल वेगाकडे बघतच नाही. किमान वेग विचारते. तो ५०० च्या वर असेल तर त्या यंत्रावर ताटाएवढी वस्तू कातायला मी नवख्या माणसाला सांगणार नाही, मग बाकी सगळं कितीही चांगलं असो.

वेग बटणानं कमी-जास्त करता येणारी यंत्रं आता मिळतात. हातानं पट्टा बदलायचा त्रास वाचतो, हे खरं. पण पट्टा वरच्या पुलीवर ठेवून नुसतं बटण फिरवून वेग खाली आणला तर मोटर दमते, हत्यार जरा दाबलं की थांबते. पट्टा खालच्या पुलीवर घातला की त्याच वेगाला जोर येतो. अण्णांनी हे एका वाक्यात सांगितलं. "आंबोलीचा घाट टॉप गिअरवर चढतीस काय?"

आणि वजन. लोखंडाच्या लेथवर टूल हे टूल पोस्टमध्ये घट्ट आवळलेलं असतं, माणूस नुसती चाकं फिरवतो. लाकडाच्या लेथवर हत्यार माणसाच्या हातात असतं. "तुझ्या यंत्रात टूल पोस्ट तूच," असं अण्णा म्हणाले तेव्हा मला एकदम लख्ख कळलं. यंत्राची थरथर टूल रेस्टमधून, म्हणजे हत्यार टेकवायच्या पट्टीतून, हत्याराच्या दांड्यात, तिथून मनगटात, कोपरात आणि खांद्यात येते. नवखा हात आधीच घाबरलेला असतो. त्यात यंत्रच थरथरत असेल तर आपली चूक कोणती आणि यंत्राची कोणती, हे कळायला मार्ग राहत नाही. स्वस्त हलक्या लेथवर माझा मुख्य राग याच गोष्टीचा आहे. पैसे गेल्याचं दुःख काही दिवसांनी विसरलं जातं. त्या आठवड्यात मला मात्र मनापासून वाटलं होतं की हे काम आपल्या हाताला जमणारं नाही, आणि ते खरं नव्हतं.

म्हणून बेड बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, हवा. कोल्हापुरात बिडाची महती सांगायला नको, इथल्या फाउंड्र्यांवर गावाचं अर्धं पोट चालतं. बिडात ग्राफाइटच्या पातळ पापुद्र्या असतात, त्या थरथर शोषून घेतात. पोलादाची सळई ठोकली तर ती वाजत राहते, बिडाची ठोकली तर आवाज बद्द येतो. अण्णा कुठलंही यंत्र बघायला गेले की आधी खिशातल्या पान्यानं बेडवर एक टिचकी मारतात आणि कान जवळ नेतात.

जूनमध्ये आम्ही दोघं लेथ बघत हिंडलो. मला ते दिवस फार आवडले. अण्णांचं वय तेव्हा ७६. निवृत्तीनंतर कुणी त्यांना यंत्राबद्दल विचारलं नव्हतं.

पहिला बघितला तो निपाणीकडच्या एका फर्निचरवाल्याचा. ते दुकान बंद करत होते. लेथ चार फूट लांब, पलंगाचे पाय आणि पाळण्याचे खांब कातून कातून गुळगुळीत झालेला. अण्णांनी स्पिंडल, म्हणजे तुकडा फिरवणारा दांडा, दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवला. बेअरिंगला खेळ होता. ते बदलून घेता आलं असतं, पण खरी अडचण वेगाची होती. मोटर सरळ एकास एक जोडलेली, मिनिटाला १४४० फेरे, दुसरा वेगच नाही. तीन इंचांच्या खांबाला तो वेग योग्यच, त्यांनी त्यावर वीस वर्षं चांगलं काम केलं होतं. पोळपाटाला तो जीवघेणा ठरला असता. ते गृहस्थ मोकळ्या मनाचे. म्हणाले, "ताई, तुम्हाला हे विकून मला चार पैसे मिळतील, पण गोल ताट यावर करू नका." चहा पाजला आणि शिसवीचा एक तुकडा हातावर ठेवला. तो अजून माझ्याकडे आहे. त्याला हात लावायची तयारी झालेली नाही.

दुसरा राजकोटकडे तयार झालेला. तिथं आणि पंजाबात बटाल्याला लेथ बनवण्याचा मोठा धंदा आहे. यंत्र भरभक्कम, टिचकीचा आवाज अगदी बद्द, अण्णा खूश. पण स्पिंडलचे आटे बाजारातल्या लाकूडकामाच्या चकशी, म्हणजे तुकडा जबड्यांत धरणाऱ्या साधनाशी, जुळणारे नव्हते. म्हणजे चक घ्यायचा, तर दर वेळी मधला तुकडा कातून घ्यायला हवा. अण्णा म्हणाले, "मी काढून देतो की." त्यांनी दिलाही असता. पण त्यांच्या हातांची थरथर मला दिसत होती, आणि माझ्या प्रत्येक नव्या सामानासाठी त्यांना मित्राच्या वर्कशॉपमध्ये उभं करायला मला नको वाटलं. आटे विचारून घेणं किती महत्त्वाचं, हे तिथं पटलं. एक इंचाचा स्पिंडल, इंचाला आठ आटे, हे माप लहान-मध्यम लेथवर पुष्कळ चालतं आणि त्याचे चक, फेसप्लेट सहज मिळतात.

याच सुमारास अमेरिकेतला भाचा फोनवर म्हणाला, मावशी, इथं जुने लेथ स्वस्तात मिळतात, कंटेनरमधून एक पाठवू का? प्रेमानं म्हणाला. पण तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. मोटर बदलावी लागली असती. त्याला म्हटलं, येताना दोन चांगले गाऊज, म्हणजे कातायची पन्हळीची हत्यारं, आण. त्यानं आणले.

शेवटी घेतला तो बिडाच्या बेडचा, १२ इंच स्विंग, साडेसोळा इंच लांबी, पाऊण हॉर्सपॉवर, किमान वेग २५०. वजन चाळीस किलोंच्या वर. गाडीतून उतरवायला शेजारचे दोघं आले, आणि ते दम लागून थांबले तेव्हा मला समाधान वाटलं. गल्लीतल्या वेल्डरकडून अँगलचा स्टँड करून घेतला, खाली फळी टाकून वाळूच्या दोन गोण्या ठेवल्या. पडवीची शहाबादी फरशी सपाट नाही, चार पायांपैकी एक नेहमी अधांतरी. अण्णांनी पाचर तासून बसवली.

यंत्राच्या कागदावर टेलस्टॉकपुढं, म्हणजे हेडस्टॉकच्या समोरच्या आधारापुढं, "एमटी २" असं लिहिलेलं होतं. मी ते वाचून दाखवताच अण्णा उठून आत गेले. माळ्यावरची त्यांची पेटी मला काढायला लावली. आत तेलकट कागदात गुंडाळलेला एक ड्रिल चक, म्हणजे भोक पाडायचं ड्रिल धरणारा चक, होता, वर्कशॉप सुटताना मालकांनी आठवण म्हणून दिलेला. त्याच्या मागचा निमुळता दांडा मोर्स टेपरचा, दोन नंबरचा. हे माप १९व्या शतकात अमेरिकेत ठरलं आणि जगभर तेच चालतं. उतार अगदी थोडा, जेमतेम तीन अंशांचा, म्हणून दांडा भोकात गेला की आपल्या आपण घट्ट धरला जातो, स्क्रू लागत नाही.

अण्णांनी चकच्या दांड्यावरून अंगठा फिरवला. मग करंगळी टेलस्टॉकच्या भोकात घालून आत फिरवली, बाहेर काढून बघितली, धोतराच्या सोग्याला पुसली. कचऱ्याचा एक कण असला तरी टेपर नीट बसत नाही. मग दांडा भोकात सरकवला आणि तळहातानं हलकेच धक्का दिला. टक् असा आवाज आला. त्यांनी ओढून बघितलं, निघेना. लोखंडाच्या लेथसाठी घडलेली चाळीस वर्षांपूर्वीची वस्तू लाकडाच्या नव्या लेथमध्ये अशी बसली होती, जणू तिथलीच. "बसला," एवढंच ते म्हणाले. हात बराच वेळ चकवर होता.

नव्या माणसानं ठरवलेले सगळे पैसे लेथवर घालू नयेत, हे मी आग्रहानं सांगते. माझ्या रकमेतला साठ टक्क्यांच्या आसपासचा भाग यंत्राला गेला. उरलेल्यात चार जबड्यांचा चक, पाच-सहा हत्यारं, ग्राइंडर आणि तोंड पूर्ण झाकणारं कवच आलं. ग्राइंडरशिवाय लेथ घेणं म्हणजे विळी घेऊन तिला कधी धारच न लावणं. लाकूड कातताना दर दहा-पंधरा मिनिटांनी धार बघावी लागते. बोथट हत्यार आपण नकळत दाबायला लागतो, आणि दाबलं की ते घुसतं. धार लावायला मला अण्णांनी शिकवलं. हायस्पीड स्टील त्यांच्या हातातलंच. हत्यार चाकावर दाबायचं नाही, टेकवायचं आणि कोन न बदलता फिरवायचं. ठिणग्या धारेवरून वर यायला लागल्या की पुरे.

हत्यारांत एक गोष्ट जिवाची आहे. लांब तुकडा गोल करायचा जाड पन्हळीचा रफिंग गाऊज वाडग्याला किंवा पोळपाटाला लावायचा नाही. त्याचा दांड्यात जाणारा भाग पातळ असतो, आडव्या नसांच्या तडाख्यात तो मोडू शकतो. त्याला बोल गाऊज, म्हणजे वाडग्यासाठीचा गाऊज, वेगळा. नावं सारखी वाटतात म्हणून विकणारेही कधी सरसकट देतात.

आणि कपडे. "फिरत्या यंत्राला कापड दाखवायचं न्हाई," हा अण्णांचा जुना नियम. त्यांच्या वर्कशॉपमध्ये एकाच्या हातमोज्याचं टोक लेथमध्ये गेलं होतं, ती गोष्ट त्यांनी मला एकदाच, हळू आवाजात सांगितली. मी ओढणी काढून ठेवते, वेणीचा अंबाडा घालते, बांगड्या आणि मंगळसूत्र उतरवून खिळ्याला अडकवते. पहिल्या दिवशी सासूबाईंनी ते खिळ्यावरचं मंगळसूत्र पाहिलं. काही न बोलता आत गेल्या आणि एक लहान डबी घेऊन आल्या. म्हणाल्या, "भुसा बसतो गं त्याच्यावर. यात ठेवत जा." हातमोजे मी घालत नाही. बटण दाबताना तुकड्याच्या समोर न थांबता बाजूला उभी राहते, रोज, प्रत्येक वेळी.

नवा लेथ लागल्यावर अण्णांनी पुन्हा फुलपात्र मागितलं. या वेळी मला कारण माहीत होतं. काठोकाठ भरून आणलं. पट्टा खालच्या पुलीवर, वेग ३००. पाण्याच्या कडेला एक बारीक रेघ तेवढी हलत राहिली. वेग ६०० केला, तरी तेवढीच. त्यांनी मान हलवली आणि फुलपात्र आईकडे परत पाठवलं.

पहिले दोन महिने मी लाटणीच कातली. आंब्याची, मग बाभळीची. पहिली सहा कुणाला दिली नाहीत. सातवं शेजारच्या काकूंनी मागून नेलं. पोळपाट कातायला घेतला तो ऑगस्टमध्ये, वाळलेल्या आंब्याच्या फळीचा. कोपरे छाटून अष्टकोन, ३५० फेऱ्यांवर सुरुवात. पहिली पाच मिनिटं टक-टक-टक असा आवाज येतो, कारण हत्याराला लाकूड लागतं, मग हवा, मग लाकूड. तो आवाज हळूहळू जवळ जवळ येत एकसलग होतो, तेव्हा तुकडा गोल झालेला असतो. डोळ्यांआधी कानाला कळतं. मग ढलप्या मनगटावरून वाहायला लागल्या, आणि ओल्या आंब्याच्या पानांसारखा थोडासा वास सुटला. खालची बाजू आधी कातली, मधोमध चकसाठी दोन इंचांची उथळ खाच ठेवली, मग उलटा करून वरची बाजू. शेवटी पॉलिश पेपर आणि जवसाचं तेल. जवसाचं तेल लाकडात मुरून वाळतं, शेंगदाण्याचं तसं वाळत नाही, चिकट राहतं.

आईनं पोळपाट उलटा करून पाहिला आणि म्हणाली, "पाय कुठायत ह्याला?"

लेथवर पाय होत नाहीत. जे होईल ते गोलच होतं. मी खाली बांगडीसारखी एक गोल बैठक ठेवली होती. अण्णा खुर्चीतून म्हणाले, "त्याच कड्यातनं तीन पाय काढ. बाकीचं कापून टाक. तीनच ठेव, चार नको. तीन पायांवर वस्तू कुठल्याबी फरशीवर डुगत न्हाई."

मी शाळेचा कंपास आणला. वर्तुळाच्या त्रिज्येएवढं अंतर घेऊन कडेनं खुणा करत गेलं की बरोबर सहा खुणा होतात, एक सोडून एक घेतली की तीन. हे मी दर वर्षी फळ्यावर काढते. कड्यावर पेन्सिलीनं तीन पाय आखले, मधलं लाकूड बारीक करवतीनं आणि पटाशीनं काढलं. अण्णांनी एका पायाची धार बोटानं तपासून थोडी मोडायला सांगितली, आईच्या हाताला लागू नये म्हणून.

आईनं पोळपाट ओट्यावर ठेवला. दोन्ही तळवे टेकवून वजन टाकलं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग ताटाखालची कणीक पुढं ओढून मला म्हणाली, "जरा पिठी दे."